औषध मारलं तरी लिंबावर नागअळी परत का येते?

नवी पालवी फुटते. आठ-दहा दिवस झाड असं दिसतं की दृष्ट काढावी. मग एका सकाळी कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा दिसतात, रात्रीत गोगलगाय फिरून गेल्यासारख्या. फक्त या पुसल्या जात नाहीत. आणखी आठवड्याने पानं आकसतात, कडा आत वळतात. आपण दुकानातून बाटली आणतो, फवारतो. रेघा तशाच. महिन्या-दीड महिन्याने पुढची पालवी येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

माझी दोन वर्षं यात गेली. पुण्यात गच्चीवर निळ्या ड्रममध्ये तीन कागदी लिंबं आणि श्रीगोंद्याला माहेरी दादाने लावलेली लिंबाची नवी बाग, दोन्हीकडे एकच रड. "व्हायरस आलाय" असं ऐकून घेतलं, सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी आणली, मग एक बाटली, मग तिच्याहून उग्र वासाची दुसरी. शेवटी भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं की रेघा जाणारच नव्हत्या. ज्याला मारायचं ते पानातून केव्हाच निघून गेलं होतं, मी रिकाम्या घरावर औषध मारत होते.

म्हणून इथे औषधाची नावं शेवटाकडे येतील. आधी कीड कोणती आणि या घडीला ती कुठल्या अवस्थेत आहे ते बघायचं. ज्यांना घाई आहे त्यांनीही निदान पुढचा तपास तेवढा करावा, पाच मिनिटांचं काम आहे.

पान उजेडात धरा

रेघा असलेलं एक पान तोडा. ताजं हवं, शेंड्याकडचं; जुनं, कडक पान उपयोगाचं नाही. रेघेवर नख हलकेच फिरवा. पानावर नुसता डाग असेल तर काही होणार नाही. नागअळीची रेघ असेल तर वरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो, दुधावरच्या सायीसारखा. रेघ चंदेरी दिसते ती याच पापुद्र्याखाली हवा शिरल्यामुळे.

आता पानामागे मोबाइलचा टॉर्च लावा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, किंवा सोनारकाम करणाऱ्यांकडे असतं तसलं चालेल. तीन गोष्टी शोधायच्या.

एक म्हणजे रेघेच्या मधोमध जाणारी बारीक काळपट ओळ. ती अळीची विष्ठा. पतंगाची ही अळी मागे एकसंध धाग्यासारखी ओळ सोडत जाते. दुसरी म्हणजे रेघेचं रुंद टोक. अळी जिथून शिरली तिथे रेघ केसासारखी बारीक असते आणि अळी वाढत जाते तशी रुंद होते, त्यामुळे अळी असलीच तर रुंद टोकाला सापडते. पिवळसर-हिरवी, काचेसारखी, चपटी, पूर्ण वाढली तरी ३ मिलिमीटरच्या आसपास. पतंगाची अळी म्हटलं की आपण पाय शोधतो. हिला पाय नसतात, त्यामुळे "ही अळी नाही, काहीतरी वेगळंच आहे" असं वाटू शकतं. मला वाटलं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची: पानाची कड. रेघ कडेपर्यंत जाऊन तिथे पानाची छोटीशी घडी पडली आहे का? साडीला फॉल लावताना काठ दुमडतो तेवढीच घडी, आतून रेशमाने ओढून धरलेली. अशी घडी दिसली तर आत कोष आहे. घडीतून तपकिरी, पोकळ कवच अर्धवट बाहेर आलेलं दिसलं तर पतंग उडून गेलेला आहे. त्या पानावर आता काहीही फवारलं तरी पाणी वाया.

ही खूण मला आधी माहीत असती तर दोन बाटल्यांचे पैसे वाचले असते.

नाव एक, किडी तीन

"नागअळी" हा शब्द आपल्याकडे टोमॅटोवरच्या किडीलाही वापरतात, वालाच्या, काकडीच्या पानावरच्या किडीलाही आणि लिंबावरच्याही. दुकानात "नागअळीचं द्या" म्हटलं की समोरचा टोमॅटोचं औषध काढून देतो. त्याची चूक म्हणता येत नाही, बहुतेक लोक टोमॅटोसाठीच येतात.

टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या आणि झेंडूवर जी पांढरी वळणदार रेघ दिसते ती एका माशीची करामत आहे. लिरिओमायझा नावाची ही इवलीशी काळी-पिवळी माशी १९९० च्या सुमारास भारतात शिरली. तिच्या अळीला डोकं असं वेगळं दिसत नाही, फक्त पुढच्या टोकाला काळा आकडा. विष्ठेची ओळ सलग नसते. तुटक, कधी या कडेला कधी त्या कडेला. आणि कोषात जायची वेळ झाली की ती पान फाडून बाहेर पडते, बहुतेक वेळा खाली मातीत. पानाच्या कडेला घडी करत नाही.

टोमॅटोवरची दुसरी, टुटा. हा मात्र पतंगच, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात पहिल्यांदा २०१४ मध्ये पुण्याकडे सापडला. तो रेघ कमी आणि फोड जास्त करतो: पानावर मोठे, कागदासारखे, तपकिरी होत जाणारे पट्टे, शिवाय फळाला भोकं. लिंबाशी त्याचा संबंध नाही, पण गच्चीवर टोमॅटो आणि लिंबू शेजारी असले की लोक "टोमॅटोवरून लिंबावर आली" म्हणतात. आली नाही. टोमॅटो हलवून लिंबू वाचत नाही.

तिसरी, आपली: फायलोक्निस्टिस सिट्रेला. लिंबू, संत्रा, मोसंबी, पपनस, ईडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांवरच तिचं मुख्य घर. हिचं शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये हेन्री स्टेन्टन यांनी केलं, तेही कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही परदेशातून आलेली कीड नाही, आपल्याकडूनच बाहेर गेलेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ती १९९३ च्या मे महिन्यात सापडली आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथल्या सगळ्या बागांमध्ये पोचली. त्याच सुमाराला स्पेनमध्येही.

आकसलेलं प्रत्येक पान नागअळीचं नसतं, हेही लक्षात ठेवा. चंदेरी रेघ नसताना पान आकसलं असेल तर शेंड्याला मावा, फुलकिडे किंवा सिट्रस सिला आहे का बघा. सिलाची पिल्लं कोवळ्या शेंड्यावर बसून पांढरे, मेणचट दोरे सोडतात, एकदा बघितलं की विसरत नाही. आणि पान कडेकडून सरळ खाल्लेलं असेल, वर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसली असेल, तर ते लिंबाचं फुलपाखरू. ती अळी हाताने वेचावी, फार तर पोरांना दाखवायला एखादी डब्यात ठेवावी.

डब्यात पतंग बघितला तो दिवस

खात्री करायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पतंग स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. झाडावर तो दिसत नाही. पंख पसरून जेमतेम ४ मिलिमीटर, मिटून बसला की २ मिलिमीटर; दिवसा पानाखाली किंवा सालीवर चिकटून असतो आणि तिन्हीसांजेनंतर आणि पहाटे हालचाल करतो. तुम्ही चहा घेऊन गच्चीवर उभे असता त्या वेळेला तो झोपलेला असतो.

मी काय केलं ते सांगते. कडेला घडी पडलेली, पण कवच बाहेर न आलेली सहा पानं देठासकट तोडली. श्रीखंडाच्या डब्यात तळाला किंचित ओला टिश्यू पेपर, वर पानं, तोंडाला झाकणाऐवजी जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा आणि रबर. डबा सावलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. टिश्यू फार ओला ठेवला तर पानाला बुरशी येते, पहिल्या खेपेला माझी तशीच गेली.

पाचव्या दिवशी मलमलवर एक कण दिसला. राख उडून बसली असं वाटलं. भिंगातून बघितलं तर रुपेरी-पांढरे पंख, त्यावर बारीक तपकिरी पट्टे, पंखांना झालरीसारखे लांब केस आणि प्रत्येक पुढच्या पंखाच्या टोकाला एक ठसठशीत काळा ठिपका. हा ठिपका ओळखीची खूण. शत्रूचं कौतुक करू नये म्हणतात, पण इतका देखणा प्राणी इतक्या लहान मापात मी बघितला नव्हता.

दोन पानांतून मात्र पतंग आलाच नाही. त्यातून निघाल्या धातूसारख्या चमकणाऱ्या, चिलटाहून बारीक गांधीलमाशा. तेव्हा डबा बिघडला असं वाटलं होतं. त्यांच्याबद्दल पुढे.

पालवीचं वय मोजा, किडीचं आपोआप कळतं

मादी अंडं कुठे घालते यावर सगळं गणित बसलेलं आहे. तिला कडक पान चालत नाही. १० ते २० मिलिमीटर लांबीचं, म्हणजे बोटाच्या पेराच्या अर्ध्यापासून जवळपास एका पेरापर्यंतचं पान लागतं. त्यावर, बहुतेकदा खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ ती एकेक अंडं सुटं ठेवते. अंडं ०.३ मिलिमीटरचं, पारदर्शक. बारीक दवबिंदू समजून नजर पुढे जाते. एक मादी आयुष्यात पन्नासेक अंडी घालते.

अंडं २ ते १० दिवसांत उबतं. बाहेर येणारी अळी पानावर फिरत नाही, थेट त्वचेखाली शिरते. तिचे जबडे पात्यासारखे. त्यांनी ती पानाच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी चिरते आणि त्यातला रस पिते. खालचा हिरवा भाग ती खात नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या बोगद्याबाहेर तिला जगता येत नाही, आणि म्हणूनच ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जात नाही. "पसरते आहे" असं वाटतं ते शेजारच्या पानांवर वेगळी अंडी घातलेली असतात म्हणून.

अळीच्या चार अवस्था. पहिल्या तीन खादाड, चौथी काहीच खात नाही. ती पानाच्या कडेला पोचते, रेशीम काढून कड दुमडते आणि आत कोष करते. अळीपणाचे ५ ते २० दिवस, कोषाचे ६ ते २२ दिवस. अंड्यापासून पतंगापर्यंत कमीत कमी १३ दिवस, जास्तीत जास्त ५२. एवढा फरक तापमानामुळे. पावसाळ्यातल्या उबदार, दमट हवेत पिढी पंधरा-वीस दिवसांत पुरी होते, थंडीत रेंगाळते, आणि साधारण १२ अंशांखाली वाढ थांबल्यात जमा. कडक उन्हाळ्यातही जोर कमी असतो, कारण झाडावर कोवळं पानच फारसं नसतं.

आता हे पालवीशेजारी मांडून बघा. कोंब फुटला, पान अर्ध्या पेराएवढं झालं, अंडं पडलं. आठवडाभराने पान दोन पेरांचं होतं, अळी आत असते, पण रेघ बारीक, खालच्या बाजूला. आपलं लक्ष नाही. दहा-बारा दिवसांनी रेघ रुंद होते, पान वळतं, तेव्हा आपल्याला दिसतं. रविवारी दुकान बंद, सोमवारी बाटली, मंगळवारी पाऊस. फवारणी होते तोवर अळी कडेच्या घडीत जाऊन कोष झालेली. त्या घडीत औषध पोचत नाही. मग पतंग निघतो, आणि झाडावर तोवर पुढचे कोंब तयार.

मी काय काय चुकवलं

सगळ्यात मोठी चूक युरिया. ड्रममधलं झाड पिवळट वाटलं की चमचाभर युरिया टाकायचा, हा माझा दर महिन्याचा कार्यक्रम होता. नत्र मिळालं की झाड कोंब फेकतं. जमिनीतलं लिंबू वर्षातून ठरावीक वेळी जोराची नवती, म्हणजे नवी पालवी काढतं आणि मध्ये विसावतं. माझी झाडं विसावतच नव्हती. तीनपैकी एकावर तरी सतत अर्ध्या पेराची पानं. पतंगाला बारमाही खानावळ.

दुसरी चूक कात्री. रेघ दिसली की पान छाट, शेंडा छाट. दिसायला स्वच्छ वाटतं. पण वर सांगितलं तसं, अळी फक्त वरचा थर खाते; खालचा हिरवा भाग बऱ्यापैकी शाबूत असतो आणि ते वेडंवाकडं पानही झाडासाठी अन्न तयार करत राहतं. आपण ते तोडतो आणि वर शेंडा छाटून बाजूच्या डोळ्यांना जाग आणतो. दहा दिवसांत तीन नवे कोंब, पुन्हा कोवळे. कुंडीत एकच लहान रोप असेल आणि घडीत कोष दिसत असतील तर तेवढी चार पानं तोडून पिशवीत बांधून टाकायला हरकत नाही. झाडभर कात्री फिरवू नका.

तिसरी चूक दादाची. बागेत दर पंधरा दिवसांनी तारखेप्रमाणे फवारणी. मी त्याला म्हटलं, "दादा, तारीख बघू नकोस, शेंडा बघ." तो म्हणाला, "तायडे, तुझ्याकडं तीन ड्रम हायेत. मी रोज किती शेंडे बघू?" बरोबर होतं त्याचं. मग आम्ही बागेतली दहा झाडं ठरवली, चारी बाजूंची आणि मधली, त्यांना लाल चिंधी बांधली. दर तीन दिवसांनी तेवढीच बघायची. त्यांच्यावर कोंब दिसले की बागेत नवती आली असं धरायचं. दहा मिनिटांचं काम झालं, आणि वर्षातल्या निम्म्याहून जास्त फवारण्या आपोआप गळून पडल्या.

आणि ती डब्यातली गांधीलमाशी. तिची मादी नागअळीच्या अंगावर किंवा अंगात अंडं घालते, तिचं पिल्लू अळीला खाऊन वाढतं. अशा परोपजीवी माशांच्या अनेक जाती या किडीवर आहेत. त्यातली एक, अगेनिआस्पिस सिट्रिकोला, तर अजबच: ती एक अंडं घालते आणि त्या एका अंड्याचे आतल्या आत अनेक गर्भ होतात. कडेच्या घडीत एका कोषाऐवजी माळेसारखे ओळीने लहान कोष सापडले तर समजा की ही बाई येऊन गेली. थायलंडची ही माशी ऑस्ट्रेलियाने नेली आणि तिथून १९९४ मध्ये फ्लोरिडाने मुद्दाम नेऊन सोडली. आपल्या बागांमध्ये या कामाला कोळी, मुंग्या आणि क्रायसोपा या मित्रकीटकाची पिल्लंही असतात. उग्र औषध झाडभर मारलं की बोगद्यातली अळी सुरक्षित राहते आणि बाहेर उघड्यावर फिरणारी ही मंडळी आधी मरतात. "औषध मारल्यापासून वाढलीच" असं जे लोक म्हणतात ते उगाच नाही.

मग करायचं काय

पहिला प्रश्न: झाड किती मोठं आहे? चार-पाच वर्षांपुढचं, भरलेलं झाड असेल तर बहुतेक वेळा काहीच करू नका. त्याच्यावर शेकडो कडक पानं असतात, थोड्या शेंड्यांची पानं वाकडी झाल्याने फळावर फरक पडत नाही. सोसायटीतल्या जुन्या लिंबाच्या झाडासाठी पंप भाड्याने आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. अपवाद फक्त खैऱ्या या रोगाचा, तो पुढे.

रोपवाटिकेतली रोपं, पहिल्या तीन-चार वर्षांची झाडं आणि कुंडीतली झाडं यांना मात्र जपायचं. त्यांच्याकडे कोवळ्या पानांशिवाय दुसरं भांडवल नसतं.

खत आधी ताळ्यावर आणा. ड्रमला मी आता शेणखत आणि पेंड देते, तीही वर्षातून मोजक्या वेळा, आणि युरियाचा डबा गच्चीवरून हलवला. पाणी एकदा भरपूर, मग आठवडाभर विसर असं नको. झाड ताणातून सुटलं की कोंब फेकतं. बहार धरण्यासाठी, म्हणजे फुलं एकदम यावीत म्हणून, पाणी तोडून बागेला ताण देतात तो वेगळा, ठरवून दिलेला. त्याचा फायदा असा की सगळ्या झाडांवर नवती एकदम येते. आंबिया बहाराची साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची पावसाच्या तोंडावर. एकदम आलेली नवती राखणं सोपं, विस्कटलेली कठीण. खुंटावरून आणि खोडातून जे पानसोट सरळ वर जातात ते दिसले की काढा. फळ देत नाहीत, आणि सतत कोवळे असल्याने किडीला पोसतात. छाटणीची परवानगी असलेली ही एकच जागा.

फवारणीची वेळ: बहुतेक कोंबांवरची पानं अर्ध्या पेराची झाली की पहिली. नंतर पान कडक होईपर्यंत ८ ते १० दिवसांच्या अंतराने आणखी एक किंवा दोन. पान कडक झालं की थांबा, पुढच्या नवतीपर्यंत पंप धुऊन ठेवा. फवारा संध्याकाळी, आणि पानाच्या खालून. वरून भिजवलेलं झाड म्हणजे अर्धवट फवारलेलं झाड.

मी सुरुवात निंबोळी अर्काने करते आणि गच्चीवर तरी त्यापुढे जावं लागलेलं नाही. ५ टक्के अर्कासाठी १ लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. रात्री थोड्या पाण्यात भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी फडक्यातून दोनदा गाळायची, पाणी घालून लिटरभर करायची, चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा घालून त्याच संध्याकाळी संपवायची. बागेला हेच प्रमाण ५ किलोला १०० लिटर. नीट गाळलं नाही तर पंपाचा नोझल तुंबतो आणि मग जे शब्द तोंडातून निघतात ते इथे लिहिता येत नाहीत. निंबोळीचा उपयोग मुख्यतः अंडं घालू न देण्यासाठी आणि नुकत्या उबलेल्या अळीसाठी. रुंद रेघ झालेल्या पानावर तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. वेळ नसेल तर दुकानातलं कडुनिंबाचं तयार औषध, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. फळबागेसाठी मिळणारं खनिज तेलही मादीला अंडं घालण्यापासून परावृत्त करतं; मात्र कडक उन्हात किंवा गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे ते मारलं तर पानं भाजतात.

नवी बाग मोठी असेल, नवती भराची असेल आणि दहा खुणेच्या झाडांवर बहुतेक कोंबांत बारीक रेघा दिसायला लागल्या असतील, तर रासायनिक औषधाचा विचार करा. इथे मी मुद्दाम नाव आणि मात्रा देत नाही. डब्यावर लिंबूवर्गीय पीक आणि ही कीड दोन्ही छापलेली असतील तेच घ्या आणि मात्रा तिथलीच. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. झाड फुलावर असेल तर इमिडाक्लोप्रिडसारखं अंतर्प्रवाही, म्हणजे झाडाच्या रसातून पसरणारं औषध नको. ते मकरंदापर्यंत पोचतं आणि लिंबाच्या फुलावर मधमाशा असतातच. आणि एकच औषध प्रत्येक नवतीला नको, किडीला त्याची सवय होते.

रेघांवर खरबरीत खवले दिसले तर

हे घाईचं आहे. कागदी लिंबाला खैऱ्या म्हणजे कँकर फार लवकर लागतो. हा जिवाणूजन्य रोग. तपकिरी, उंचवट्याचे, खरखरीत फोड, भोवती पिवळं वलय. नागअळी हा रोग वाहून आणत नाही, पण तिने सोललेली त्वचा म्हणजे उघडी जखम. पावसाच्या थेंबांबरोबर उडालेले जिवाणू तिथे सहज शिरतात आणि फोड रेघेच्या वळणावर वळणं घेत उमटतात. नागमोडी ओळीत बसलेला खैऱ्या दिसला की दोन्ही आहेत असं धरा.

अशा झाडाच्या बाबतीत वर दिलेला "पानं तोडू नका" हा सल्ला लागू नाही. रोगट फांद्या कोरड्या हवेत, पावसाळ्याआधी छाटा, जाळा, कात्री निर्जंतुक करून पुढच्या झाडाला लावा आणि छाटणीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी घ्या. मोठ्या झाडावरसुद्धा पावसाळी नवतीत नागअळी आटोक्यात ठेवायचं खरं कारण हेच. दादाच्या बागेत पहिल्या वर्षी आम्ही रेघांच्याच मागे लागलो होतो. खैऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा बांधाकडची चार झाडं पार खरवडल्यासारखी झाली होती.

लिंबू नाही, दुसरंच झाड आहे?

कोकणात किंवा गोव्यात काजूच्या कोवळ्या पानांवर राखाडी, फुगलेले फोड दिसतात आणि नंतर तो भाग वाळून गळतो, पानाला भोक पडतं. तो अॅक्रोसरकॉप्स नावाच्या दुसऱ्या पतंगाचा उद्योग. त्याच कुळातला, सवयही तीच: फक्त कोवळी पालवी. वरची वेळेची गोष्ट तिथेही लागू, कडेच्या घडीची खूण मात्र शोधू नका.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. विदर्भातल्यांना नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही आहे. नेताना एक सुटं वाळकं पान नेऊ नका. बोटभर लांबीचा ताजा शेंडा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत. ओल्या फडक्यात गुंडाळला तर पोचेपर्यंत काळा पडतो. फोटो पाठवायचा असेल तर चार हवेत: पानाची वरची बाजू, खालची बाजू, मागून उजेड टाकून रेघेचं रुंद टोक, आणि कडेची घडी. सोबत लिहा की हे कोंब किती तारखेला फुटले आणि शेवटचं खत केव्हा घातलं. औषध कोणतं मारलं ते तर ते विचारतीलच.